चाक कुठेही मावतं, भट्टीचं आधी बघा

प्रश्न : ताई, नमस्कार. मी कुडाळकडचा, आमचा पिढीजात कुंभारकीचा धंदा, वय ५८. माझ्याकडे अडीच वर्षं एक मुलगी शिकतेय. आमच्या घरातली नाही, नात्यातली पण नाही, कॉलेज झाल्यावर एक दिवस दारात आली आणि म्हणाली काका मला माती शिकवा. आता तिच्या भावाला पुण्यात नोकरी लागली म्हणून ती आणि आई दोघी तिकडे चालल्यात. पुण्यात आमची कोणाशी ओळख नाही. तिने एका स्टुडिओत विचारलं तर जेवढं भाडं सांगितलं तेवढी तिची कमाई पण नाही. भाऊ म्हणतो वन आरके घेऊ, तिथेच राहू आणि तिथेच चाक टाकू, वेगळं भाडं नको. हे बरं का? आणि भाजायचं काय, पुण्यात तिला आवा, म्हणजे आपली उघड्यावरची भट्टी, कोण लावू देणार? पोरीचा हात चांगला बसलाय, तो सुटू नये एवढंच वाटतं.

उत्तर : दादा, नमस्कार. 'हात सुटू नये' हे वाचलं आणि तुमचं पत्र सगळ्यात वर घेतलं, कारण खरी भीती तीच असते. नवीन शहरात पहिले सहा महिने घर लावण्यात जातात, मग पाऊस येतो, मग दिवाळी, आणि बघता बघता वर्षभर मातीला हात लागलेला नसतो. मी असे चांगले हात सुटलेले पाहिलेत आणि दर वेळेला वाईट वाटलंय.

तर पहिली गोष्ट, 'स्टुडिओ' शोधू नका. भट्टी शोधा. सगळे उलटं करतात, आधी जागा घेतात, रंग देतात, चाक आणतात, रॅक लावतात, आणि मग दोन महिन्यांनी कच्च्या मालाने रॅक भरले की विचारतात आता भाजायचं कुठे. चाकाला काय लागतं हो, चाक, बसायला स्टूल आणि बाजूला एक फळी, सहा बाय सहा फुटात सगळं बसतं. घराच्या मागच्या पडवीत बसतं, कोणाच्या गॅरेजमध्ये बसतं. पण आग कुठेही बसत नाही. म्हणून आधी पुण्यात कोण दुसऱ्याचा माल भाजून देतं ते बघायचं, आणि मग तिथून रिक्षाने किंवा स्कूटरवर कच्चा माल न फोडता नेता येईल एवढ्या अंतरात चाकाची जागा बघायची. कच्चं भांडं खड्ड्यातून पंधरा किलोमीटर नेऊन बघा म्हणजे मी काय म्हणते ते कळेल, अर्धे कान तुटलेले असतात.

आता पुण्यात भाजायच्या दोन वेगळ्या दुनिया आहेत आणि तुमच्या मुलीला हे आधी समजलं पाहिजे. एक म्हणजे आपले कुंभार. कसबा पेठेतला जुना कुंभारवाडा तुम्ही ऐकला असेल, आणि मुंढव्याला केशवनगरमध्ये बरीच कुंभार घरं आहेत, दिवाळीच्या आधी तिथे गेलात तर पणत्यांनी रस्ते भरलेले असतात. तिथली माती लाल, आवा तुमच्यासारखा, भाषा तुमची. दुसरी दुनिया म्हणजे स्टुडिओवाले, म्हणजे आम्ही. आमची माती पिशवीतून येते, इलेक्ट्रिक किंवा गॅसच्या भट्टीत १२०० डिग्रीच्या वर जाते, स्टोनवेअर म्हणतात त्याला, आणि वर ग्लेझ, म्हणजे काचेसारखा चकचकीत थर.

या दोन मात्या एका भट्टीत चुकूनही जाऊ नयेत. तुमची लाल माती आठशे-नऊशे डिग्रीला छान भाजते, पण तीच १२०० ला नेली तर ती भांडं म्हणून उभी राहतच नाही, वितळते. माझ्याकडे चार वर्षांपूर्वी एका मुलाने न सांगता गावाकडच्या मातीची एक छोटी समई स्टोनवेअरच्या भाजणीत ठेवली. दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली तर समईच्या जागी काळपट चॉकलेटी चकाकणारं डबकं, काचेसारखं घट्ट, त्याचा ओघळ भट्टीतल्या शेल्फवरून खालच्या शेल्फवर उतरलेला, आणि त्यात दुसऱ्या बाईंचे सहा मग बुडापासून चिकटलेले. ते शेल्फ मी छिन्नीने तासलं, तरी निघालं नाही. भट्टीचं शेल्फ फार महाग असतं दादा. त्या मुलाच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याला माहीतच नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. तेव्हापासून मी प्रत्येकाला आधी माती विचारते. तुमच्या मुलीला सांगा, कोणाच्याही भट्टीत माल देताना माती कोणती, कुठली, किती डिग्रीपर्यंत भाजलेली आहे हे स्वतःहून सांगायचं, आणि नवीन माती असेल तर भांड्याखाली त्या भट्टीत टिकणाऱ्या मातीचं एक पातळ बिस्किट, म्हणजे चपटी चकती, ठेवायची, म्हणजे काही ओघळलं तर त्यावर ओघळेल. एवढं जो स्वतःहून करतो त्याला भट्टीवाले पुन्हा बोलावतात.

वन आरकेचं. भावाला प्रेमाने सांगा पण ठाम सांगा, की नाही. भाड्याचा हिशोब त्याचा बरोबर आहे, पण मातीची धूळ तो धरत नाहीये. तुम्ही आयुष्यभर उघड्या अंगणात काम केलंत, वारा धूळ घेऊन गेला. बंद खोलीत ती जात नाही. वाळलेल्या मातीत सिलिका असते, तिचे बारीक कण डोळ्याला दिसत पण नाहीत, ते फुप्फुसात जाऊन बसतात आणि परत निघत नाहीत, वर्षानुवर्षं असं चाललं तर सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होणारा आजार नाही. त्याच खोलीत आई झोपणार, तिथेच पोळ्या लाटणार, पंखा चालू असणार. नको. जागा कुठलीही असो, तिथे झाडू मारायचा नाही, ओल्या फडक्यानेच पुसायचं, सुकलेलं भांडं घासायचं असेल तर एन-९५ मास्क लावून, आणि शक्यतो ओलं असतानाच साफ करून घ्यायचं. राहायच्या घराला लागून वेगळी पडवी असेल, वेगळं दार असेल तर चालेल, तेवढं जरूर बघा.

मग जागा कुठे? मी असं करेन. पहिले सहा महिने स्वतःची जागा घ्यायचीच नाही. चालू असलेल्या स्टुडिओत एक कोपरा, एक शेल्फ आणि आठवड्यातले ठराविक तास, एवढंच घ्यायचं. भाडं एकदम महिन्याचं न विचारता 'मला दोन दिवस आणि एक शेल्फ हवंय' असं विचारलं की आकडा पुष्कळ खाली येतो, बऱ्याच जणांकडे सकाळची वेळ रिकामी असते कारण क्लासेस संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी असतात. आणि दिवाळीच्या आधीचे दोन महिने केशवनगरला जाऊन कोणाच्या तरी हाताखाली बसायचं. तुमच्याकडे शिकलेल्या पोरीला तिथे समजावून सांगावं लागणार नाही, चाकावर बसली की पाच मिनिटांत त्यांना कळेल.

पण हे फोन तुम्ही करायचे दादा. ही माझी सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आहे. ती मुलगी एकटी दारात गेली तर तिला क्लासची फी सांगतात, तेच तिच्याबरोबर झालंय. तुम्ही फोन करून म्हणालात की मी अमुक गावचा कुंभार, ही माझ्याकडे अडीच वर्षं होती, माती मळण्यापासून आवा लावण्यापर्यंत सगळं करते, तर समोरचा वेगळ्या कानाने ऐकतो. आपल्या कामात अजून शब्दाला किंमत आहे. तुम्ही कोणाला ओळखत नाही म्हणालात, ठीक आहे, ओळख नसली तरी करा. तिच्या हातची तीन भांडी पाठवा, फोटो नको, भांडी. एक मडकं, एक झाकणाचं काहीतरी, एक चोचीचं. भांडं हातात घेतलं की बुड किती जड सोडलंय, काठ कसा वळवलाय, सगळं कळतं. गोरोबाकाकांनी थापटण्याने तपासलं तसं आम्ही पण बोटाने टिचकी मारून बघतोच, सवयच असते.

पुद्दुचेरीला १९७१ साली रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी गोल्डन ब्रिज पॉटरी सुरू केली, तिथे शिकून बाहेर पडलेल्या कितीतरी जणांनी आजूबाजूलाच आपापले स्टुडिओ टाकले. मला वाटतं त्यामुळेच तिथे इतकं काम उभं राहिलं, कारण भट्टी बिघडली की शेजारी विचारायला कोणीतरी होतं. तुमच्या मुलीला पण चौरस फुटांपेक्षा शेजार जास्त लागणार आहे.

सहा महिन्यांनी, काम जमलं, थोडी विक्री सुरू झाली, की मग गाळा बघायचा. नऱ्हे, धायरी, शिवणे, भोसरी या बाजूला छोटे गाळे आणि शेड मिळतात, दोघी-तिघींनी मिळून घेतला तर परवडतं. बघायला जाताना दुपारी जा, पत्र्याखाली एप्रिलमध्ये काय होतं ते कळलं पाहिजे, पुण्याच्या उन्हाळ्यात भांडं बाहेरून इतकं पटकन सुकतं की बुडाला चिरा पडतात, तिला कोकणातल्या ओल्या हवेची सवय, तिथे जुलैत आठ-आठ दिवस सुकत नाही, इथे उलटं, प्लास्टिकखाली झाकून हळूहळू सुकवायला शिकावं लागेल. तळमजलाच घ्या, पंचवीस-पंचवीस किलोच्या पिशव्या रोज जिन्याने कोण चढवणार. पाणी येतं का, आणि जातं कुठे, हे दोन्ही विचारा. माती कधीही थेट मोरीत सोडायची नाही, तीन बादल्या ठेवायच्या, पहिल्या बादलीत हात आणि हत्यारं धुवायची, दुसरीत आणि तिसरीत परत, आणि वरचं निवळलेलं पाणीच मोरीत, खालचा गाळ सुकवून परत मळायला घ्यायचा. संडास आहे का आणि तो वापरता येण्यासारखा आहे का, हे गाळ्याच्या बाबतीत मुलींनी सगळ्यात आधी बघावं, लाजू नये. आणि रात्री आठनंतर त्या रस्त्याला कोण असतं ते एकदा आठनंतरच जाऊन बघा.

विजेचं. स्वतःची भट्टी घ्यायची वेळ येईल तेव्हा हे लागेल. साध्या जाड पिनच्या सोळा अँपिअरच्या सॉकेटवर साडेतीन किलोवॅटच्या आसपास लोड जातो, त्याच्या पुढे नाही. सहा किलोवॅटची भट्टी म्हणजे सव्वीस अँपिअर, आणि ते पाच मिनिटं नाही, आठ-दहा तास. वायर गरम होते, प्लग वितळतो. त्याला वेगळी जाड वायर, वेगळा एमसीबी, नीट अर्थिंग, आणि मोठी भट्टी असेल तर थ्री फेज मीटर लागतं. गाळ्याचा मंजूर लोड किती आहे हे महावितरणच्या बिलावर लिहिलेलं असतं, मालकाला म्हणावं मागच्या महिन्याचं बिल दाखवा.

आणि करार. इथे मी स्वतः पोळलेय म्हणून सांगते. माझ्या पहिल्या गाळ्यात थ्री फेजची केबल, पॅनल, सगळं मी माझ्या पैशाने केलं, मालक तोंडी म्हणाले होते पाच वर्षं राहा, बिनधास्त राहा. अकरा महिने झाले आणि म्हणाले भाचा येतोय, जागा लागणार. केबल भिंतीत, मीटर त्यांच्या नावावर. मी चाक आणि भट्टी घेऊन बाहेर. म्हणून लिव्ह अँड लायसन्स करार लेखी करायचाच, महाराष्ट्रात तो रजिस्टर करणं बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची असते, त्यात 'मातीकाम आणि भट्टी' असा वापर स्पष्ट लिहून घ्यायचा, विजेच्या कामाचा खर्च कोणाचा आणि लवकर बाहेर काढलं तर त्यातलं किती परत, हे पण. मालक चांगला माणूस असेल तर लिहायला नाही म्हणत नाही.

तुमचा आवा मात्र सोडू नका. वर्षातून दोनदा ती गावी येईलच, तेव्हा लाल मातीचं काम तिने तुमच्याकडेच करून तुमच्याच आव्यात भाजावं. पुण्यात सगळं मिळेल, पण भाताचं तूस घालून लावलेल्या तुमच्या आव्यातून तो काळा-लाल डाग घेऊन निघालेलं मडकं तिथे मिळायचं नाही.

प्रश्न : मी डोंबिवलीला सातव्या मजल्यावर राहते. दोन वर्षं शनिवारी क्लासला जात होते, आता बाई गावाला गेल्या आणि क्लास बंद झाला. बाल्कनीत चाक आणि छोटी भट्टी ठेवता येईल का? सोसायटी काही म्हणेल का?

उत्तर : चाक हो, भट्टी नको. चाक ठेवताना खाली जाड रबरी मॅट टाका, नाहीतर मोटरची घरघर खालच्यांच्या बेडरूममध्ये जाते, आणि बाल्कनीच्या पाइपमधून मातीचं पाणी सोडू नका, तो पाइप तुंबला की सातही मजले तुमच्या दारात येतील. वरती तीन बादल्यांचं लिहिलंय ते वाचा.

भट्टीला मी नाही का म्हणते ते सांगते, म्हणजे तुम्हाला उगाच अडवलं असं वाटणार नाही. पहिल्या भाजणीत मातीतलं पाणी, कचरा, सेंद्रिय भाग सगळं जळून बाहेर येतं, त्या वायूंमध्ये कार्बन मोनॉक्साइड पण असतो आणि तुमच्या बाल्कनीचं दार हॉलमध्ये उघडतं. भट्टीच्या चारी बाजूंना किमान फूट-दीड फूट मोकळी जागा लागते, आणि वर पडदा, वाळत घातलेले कपडे, एसीचं युनिट काही नको. रात्रभर गरम असते ती, दुसऱ्या दिवशी शंभर डिग्रीच्या खाली आल्याशिवाय उघडायची नसते. घरात लहान मूल असेल तर विषयच संपला.

तुम्ही स्टोनवेअर शिकलात का लाल माती, ते लिहिलं नाहीत. लाल माती असेल तर लोकलने धारावीचा कुंभारवाडा गाठा. तिथली बहुतेक घरं मूळची सौराष्ट्रातली, पिढ्यान् पिढ्या तिथेच काम करतात, पणत्या आणि माठांचा धंदा आहे त्यांचा. तुमची दहा-बारा भांडी त्यांच्या भाजणीत घ्याल का विचारा, पैसे आधी ठरवा, आणि दिवाळीच्या आधी जाऊ नका, तेव्हा त्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. स्टोनवेअर असेल तर ठाणे-मुंबईतले जे स्टुडिओ बाहेरचा माल भाजतात त्यांना फोन करा, कोणी शेल्फवर पैसे घेतं, कोणी भांड्याच्या मापावर. पूर्ण सुकलंय असं वाटणारं भांडं गालाला लावून बघा, गार लागलं तर आत अजून पाणी आहे, ते नेऊ नका, भट्टीत फुटतं आणि शेजारच्यांची भांडी पण फोडतं.

आणि बाईंना फोन करून विचारा की तुमच्या बॅचमधले बाकीचे आता कुठे काम करतात. त्यातल्या दोघी-तिघी तुमच्यासारख्याच घरी बसून वाट बघत असतील.

प्रश्न : माझा नाशिकला स्टुडिओ आहे, छोटा, एक चाक मोकळं असतं. बाहेरगावहून आलेला एक मुलगा म्हणतो भाडं जमणार नाही पण स्टुडिओत काम करतो, त्या बदल्यात जागा द्या. मी घेऊ का? फायदा घेतल्यासारखं होईल का?

उत्तर : घ्या, आणि तुम्हाला हा प्रश्न पडला म्हणूनच मी म्हणतेय घ्या. ज्यांना तो पडत नाही त्यांच्याकडे मुलं दोन-दोन वर्षं माती मळतात आणि चाकावर बसायला मिळत नाही.

फक्त तास लिहून ठेवा. आठवड्याला इतके तास तुमचं काम, म्हणजे माती मळणं, ग्लेझ चाळणं, भट्टी भरणं, आणि इतके तास चाक त्याचं, त्या तासात तुम्ही हाक मारायची नाही. दिवाळीच्या ऑर्डरला जास्त वेळ थांबवलंत तर त्या वेळेचे पैसे द्यायचे, चहा-वड्यावर भागवायचं नाही. त्याने स्वतःच्या वेळात केलेलं भांडं त्याचं, त्यावर शिक्का त्याचा, ते विकलं तर पैसे त्याचे, माती आणि भाजणीचा खर्च तेवढा वजा. हे पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहा, दोघांनी सही करा, भिंतीवर चिकटवा. तीन महिन्यांनी परत बसून बोला, जमत नसेल तर चिडाचिड होण्याआधी सांगा, आणि तसं झालं तर दुसरीकडे त्याच्यासाठी फोन तुम्हीच करा.

एक शेल्फ त्याच्या नावाने पूर्ण रिकामं करून द्या. खालचं नाही, डोळ्यासमोरचं. दुसऱ्याच्या जागेत काम करणाऱ्याला आपलं ओलं भांडं कोणी हलवणार नाही एवढा भरवसा असला की तो मोठी भांडी करायला लागतो, नाहीतर खिशात मावतील एवढ्याच वाट्या करत राहतो. माझ्याकडे असलेल्या मुलीचं असंच झालं होतं, शेल्फ दिलं त्याच आठवड्यात तिने दीड फुटाचा रांजण ओढला.